‘बी-७ चालेल’ अशी सही करण्याआधी

प्रति,
खरेदी विभागप्रमुख, देखभाल विभागप्रमुख आणि त्यांच्या फायलींवर तांत्रिक मंजुरी देणारे अभियंते,
उरण, थळ, नागोठणे, दाभोळ आणि जिथे जिथे थंड गॅसच्या लाइनी आहेत तिथले सर्व प्रक्रिया उद्योग

विषय : थंड लाइनींच्या फ्लँजवर एल-७ ऐवजी बी-७ स्टड देण्याची प्रथा बंद करण्याबाबत

स.न.वि.वि.

मी तपासणी अभियंता आहे. फ्लँज (पाईपांच्या जोडावरच्या चकत्या) आवळणारे स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट, आणि नट बनवणाऱ्यांच्या शॉपमध्ये जाऊन माल पाहणं, टीसी (मालाचं चाचणी प्रमाणपत्र) वाचणं, चाचणी डोळ्यांसमोर करून घेणं आणि मग माल सोडणं हे माझं काम. शटडाऊन (देखभालीसाठी प्रकल्प बंद ठेवण्याचा काळ) जवळ आला की माझ्याकडे एक ठरलेली शंका येते. शब्द बदलतात, आशय एकच: ‘ए-३२० एल-७ तयार स्टॉकमध्ये नाही, यायला वेळ लागेल. ए-१९३ बी-७ उद्या मिळेल. केमिस्ट्री तीच आहे, ताकद तीच आहे. मंजुरी द्यावी.’ (ए-३२० आणि ए-१९३ ही स्टडच्या मालाची मानकं, एल-७ आणि बी-७ त्यांतल्या ग्रेड.) आणि बहुतेक वेळा खाली कुणीतरी ‘चालेल’ लिहून सही करतं. हे पत्र त्या सहीबद्दल आहे.

पुरवठादार जे सांगतो ते खोटं नसतं, हे आधी मान्य करतो. दोन्ही ग्रेड क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या, आपण ज्याला ४१४० म्हणतो त्या घराण्यातल्या. कार्बन साधारण ०.४ टक्के, क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास, मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के. दोन्ही क्वेंच (तापवून झटकन थंड) करून टेम्पर (पुन्हा बेतानं तापवून चिवट) केलेले. अडीच इंचापर्यंतच्या मापात दोघांची किमान ताणशक्ती ८६० मेगापास्कल, यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं लांबू लागतं तो) सव्वासातशेच्या घरात. कडकपणाची कमाल मर्यादाही दोघांना सारखीच. मग फरक कशात?

फरक एका चाचणीत आहे. एल-७ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचे शार्पी तुकडे (हातोड्याच्या एका फटक्यात तोडून किती ऊर्जा लागली ते मोजण्याचे नमुने) उणे १०१ अंश सेल्सिअसला तोडून पाहिलेले असतात. दहा बाय दहा मिलिमीटरचा, पंचावन्न मिलिमीटर लांब तुकडा, मधोमध दोन मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच. तीन तुकड्यांची सरासरी किमान २७ ज्यूल आणि कुठलाही एक तुकडा २० ज्यूलच्या खाली नको. बी-७ ला ही चाचणी लागतच नाही. बाजारातला गहू आणि प्रमाणित बियाणं यांचा दाणा सारखाच दिसतो, पण पिशवीवरची उगवणक्षमता कुणीतरी तपासलेली असते आणि शेतकरी जास्तीचे पैसे त्या तपासणीचे मोजतो. एल-७ चे जादा पैसे असेच त्या चाचणीचे असतात. चाचणी सोडून केमिस्ट्रीकडे बोट दाखवणं म्हणजे ज्या गोष्टीचे पैसे द्यायचे तीच गोष्ट सोडून देणं.

यावर लगेच विचारलं जातं की पोलाद तेच, हीट ट्रीटमेंट तीच, तर बी-७ सुद्धा ती चाचणी पास होईलच की. होईलही, आणि नाहीही. थंडीत पोलाद चिवट राहतं की काचेसारखं तुटतं हे केमिस्ट्रीच्या तक्त्यात पूर्ण दिसत नाही. सळई गाभ्यापर्यंत नीट क्वेंच झाली का, टेम्परिंगचं तापमान आणि वेळ सांभाळली का, दाणा बारीक राहिला का, फॉस्फरस-सल्फर मर्यादेच्या कडेला आहेत की बऱ्याच खाली, यावर ते ठरतं. जाड सळईत गाभा हळू थंड होतो, म्हणून तर एल-७ ची मर्यादा अडीच इंचाला थांबते आणि त्यापुढे निकेल असलेली एल-४३ घ्यावी लागते. बी-७ चा एक लॉट उणे १००ला पन्नास ज्यूल देईल, दुसरा पंधरा देईल. दोन्ही लॉट बी-७ म्हणून शंभर टक्के बरोबर. पण तुमच्या फ्लँजवर कुठला आला?

सगळ्यात जास्त काळजीची बाब ही की साइटवर आल्यावर हा फरक पकडता येत नाही. तुमच्या स्टोअरमध्ये पीएमआय गन (धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं उपकरण) आहे, अभिमानानं वापरली जाते, आणि वापरायलाच हवी. पण ती गन स्टडवर टेकवली तर पडद्यावर क्रोमियम दिसेल, मॉलिब्डेनम दिसेल आणि बी-७ असो वा एल-७, आकडे सारखेच येतील. हार्डनेस टेस्टर लावा, तेच. व्हर्निअर लावा, तेच. स्टड न तोडता तो उणे १०१ला तपासलेला आहे की नाही हे सांगणारं कुठलंही उपकरण साइटवर नाही. राहतं काय? टोकावरचा पंच आणि त्या हीटचा (पोलादाच्या एका ओतीचा), त्या लॉटचा टीसी. म्हणून या दोन गोष्टी जितक्या कडकपणे पाहायला हव्यात तितक्या कुठल्याही दुसऱ्या स्टडच्या बाबतीत पाहाव्या लागत नाहीत.

पंचाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हे हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. स्टडच्या एका टोकाला ग्रेड आणि उत्पादकाची खूण असते. एका साइटच्या स्टोअरमध्ये मी असे स्टड पाहिले की टोकाचा पृष्ठभाग काळा, तेलकट, हीट ट्रीटमेंटनंतर असतो तसा, पण ‘एल ७’ या अक्षरांच्या खोबणीत धातू पांढरा चकचकीत. बाजूला उत्पादकाची खूण मात्र काळीच. म्हणजे खूण आधीची आणि ग्रेड नंतर, कदाचित आदल्या आठवड्यात, मारलेली. भिंगातून पाहिल्यावर ‘एल’च्या खाली घासून काढलेल्या ‘बी’ची कड दिसत होती. पुरवठादाराचं नाव इथे लिहिण्यात अर्थ नाही. तो माल परत गेला. पण एरवी तो माल हायड्रो टेस्टलाही (पाण्याच्या दाबाच्या चाचणीलाही) व्यवस्थित टिकला असता, कारण हायड्रो टेस्टचं पाणी आपल्याकडे तीस अंशांचं असतं.

आता बी-७ कुठे चालतो तेही सांगतो, नाहीतर हे पत्र ‘सगळीकडे महाग माल लावा’ असं वाचलं जाईल. प्रोसेस पाईपिंगच्या बी-३१.३ कोडमध्ये अडीच इंचापर्यंतचा बी-७ स्टड इम्पॅक्ट (म्हणजे वरच्या शार्पी) चाचणीशिवाय उणे ४८ अंशांपर्यंत वापरता येतो. त्याहून जाड असेल तर उणे ४० पर्यंत. अमोनिया वातावरणीय दाबाला उणे ३३ला उकळतो, प्रोपेन उणे ४२ला. थळच्या अमोनिया लाइनीला किंवा एलपीजीच्या प्रोपेन लाइनीला नेहमीच्या मापाचा चांगला बी-७ कोडच्या दृष्टीनं पुरेसा आहे. काही कंपन्यांच्या पाईपिंग क्लासमध्ये (पाईपच्या मालाच्या ठरलेल्या यादीत) उणे ४६च्या एलटीसीएस (थंडीसाठीच्या कार्बन स्टील) पाईपला सरसकट एल-७ लिहिलेला असतो. ती मालकाची निवड आहे, तिचा मान ठेवावा. पण कोडच्या परवानगीत बसणाऱ्या ठिकाणी एल-७ साठी हट्ट धरून शटडाऊन लांबवावा असं मी म्हणणार नाही. उलट माझं मत असं आहे की गरज नसलेल्या ठिकाणी लिहिलेल्या एल-७ मुळेच ‘बी-७ चालेल’ ही सवय लागते. दहा ठिकाणी खरोखर चालतं, मग अकराव्या ठिकाणी कुणी विचार करत नाही.

अकरावं ठिकाण म्हणजे उणे ४८च्या खालचं. इथेन उणे ८९ला उकळतो. उरणहून नागोठण्याला जाणाऱ्या मालात तोच मुख्य. गॅस प्रक्रियेतले थंड सेपरेटर, त्यांच्यातून निघणाऱ्या फ्लेअरच्या (नको असलेला गॅस जाळण्याच्या) लाइनी, ब्लोडाऊन (दाब झटकन मोकळा करणाऱ्या) व्हॉल्व्हच्या पुढचे फ्लँज हे सगळं या पट्ट्यात येतं. इथे बी-७ ला कोडची परवानगी नाही. म्हणजे इथली ‘चालेल’ ही सही खरेदीतली तडजोड राहत नाही, कोडबाहेरचं काम होतं. आणखी एक गफलत इथे होते. ‘बी-१६ देतो, तो तर बी-७ च्याही वरचा’ असं म्हणणारे भेटतात. बी-१६ मध्ये व्हॅनेडियम असतं, तो गरम लाइनींसाठी उत्तम आहे, पण थंडीत त्याची परवानगी उणे २९लाच संपते.

आणि इथिलीन? तो उणे १०४ला उकळतो. एल-७ ची ठरलेली चाचणी उणे १०१ला. तीन अंशांचं अंतर, पण ते आहे. द्रवरूप इथिलीन वातावरणीय दाबाला येऊ शकेल अशा लाइनीवर ठरलेली चाचणी झालेला एल-७ डोळे झाकून लावता येत नाही. तिथे सहसा ऑस्टेनिटिक स्टेनलेसचे बी-८ स्टड घेतले जातात.

यापुढचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) जे तापमान लिहिलेलं असतं ते बहुधा चालू तापमान असतं, म्हणजे रोजचं, सुरळीत चाललेलं. स्टडला मारतं ते रोजचं तापमान नसतं. लाइनीत दाबाखाली द्रव इथेन आहे आणि तापमान पाच अंश आहे, असं धरा. व्हॉल्व्ह उघडून लाइन मोकळी केली की दाब पडतो, द्रव उकळू लागतो आणि उकळताना उष्णता स्वतःतूनच आणि पाईपच्या धातूतून ओढून घेतो. दाब वातावरणाइतका होईपर्यंत द्रव शिल्लक असेल तर धातू उणे ८९कडे घसरत जातो. लाइनीच्या कागदावर मात्र ‘५ अंश’ लिहिलेलं आहे आणि त्या ‘५ अंशां’वर बी-७ मंजूर झालेला आहे. नुसत्या वायूचीही हीच तऱ्हा, थोडी कमी. नैसर्गिक वायूचा दाब झटक्यात सोडला तर ढोबळमानानं एका बारला अर्धा अंश उतरतो. शंभर बारच्या लाइनीचं गणित तोंडी होतं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात लाँगफर्डच्या गॅस प्रकल्पात २५ सप्टेंबर १९९८ला झालेला अपघात आपल्यापैकी अनेकांनी सुरक्षा वर्गात ऐकला असेल. गरम तेलाचे पंप बंद पडले आणि एरवी शंभर अंशांच्या आसपास चालणाऱ्या हीट एक्स्चेंजरचे काही भाग उणे ४८पर्यंत थंड झाले. बाहेरून बर्फ दिसत होता. शेजारच्या दुसऱ्या एक्स्चेंजरला गळती लागली होती. मग पंप पुन्हा सुरू केले, गरम तेल थंडगार धातूवर आलं आणि एक्स्चेंजर ठिसूळपणे फुटला. दोघे गेले, आठजण जखमी झाले आणि मेलबर्न शहराचा गॅस जवळजवळ दोन आठवडे बंद राहिला. तिथे स्टड तुटला नव्हता, एक्स्चेंजरचं पोलाद तुटलं होतं. पण त्या यंत्राच्या चालू तापमानाच्या रकान्यात ‘थंडी’ हा शब्दच नव्हता, आणि आपल्या इंडेंटवरही तो नसतो. म्हणून विनंती अशी की स्टडच्या इंडेंटवर चालू तापमान लिहूच नका. धातूचं कमीत कमी संभाव्य तापमान लिहा, ब्लोडाऊन आणि चालू-बंद करताना येणारं धरून. ते प्रोसेस विभागाकडून लेखी घ्या. खरेदी विभागाला तो आकडा काढायची गरज नाही, पण तो आकडा नसलेला इंडेंट परत पाठवण्याचा अधिकार तुम्हाला नक्की आहे.

‘स्टड तर बाहेर असतो, कोकणातली हवा पस्तीस अंशांची, तो कशाला एवढा थंड होईल?’ हा युक्तिवाद मी फार अनुभवी माणसांच्या तोंडून ऐकला आहे. गरम लाइनीसाठी कोड अशी सूट देतो: इन्शुलेशन नसलेल्या फ्लँजच्या स्टडचं तापमान आतल्या मालाच्या ८० टक्के धरता येतं. थंड लाइनीला ती सूट नाही. आतला माल ६५ अंशांच्या खाली असेल तर धातूचं तापमान मालाइतकंच धरायचं, हा नियम. शिवाय थंड लाइनीचा फ्लँज बाहेर असतोच कुठे? तो कोल्ड इन्शुलेशनच्या आत असतो, स्टडसकट.

आता नट. स्टड एल-७ मागवला, आला, टीसी नीट पाहिला आणि नट बी-७ बरोबर येतात तेच २-एच लावले, असं सर्रास होतं. २-एच नटलाही उणे ४८ हीच मर्यादा. एल-७ बरोबर ए-१९४ ग्रेड ७ चा नट हवा आणि तोही पूरक अट एस-३ लावून, म्हणजे इम्पॅक्ट चाचणी झालेला. त्या नटावर ‘७ एल’ असा पंच असतो. पीओमध्ये (खरेदी आदेशात) नुसतं ‘ग्रेड ७’ लिहिलं आणि एस-३ राहून गेलं, तर पुरवठादार साधा ७ देईल आणि तो पीओप्रमाणे बरोबरच असेल. चूक एका शब्दाची आणि ती आपल्या कागदावरची. नट छोटा असतो म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. भार मात्र स्टडइतकाच त्याच्या आट्यांवर असतो.

एलएनजीच्या लाइनींबद्दल थोडं. दाभोळसारख्या टर्मिनलवर उणे १६२ला काम चालतं, तिथे फ्लँज स्टेनलेसचे आणि स्टडही स्टेनलेसचे. तिथे एल-७ चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कारण फक्त ठिसूळपणाचं समजलं जातं. दुसरं कारण आकुंचनाचं. वीस अंशांपासून उणे १६२पर्यंत जाताना स्टेनलेस मीटरमागे सुमारे २.६ मिलिमीटर आक्रसतो, एल-७ सारखं अलॉय स्टील सुमारे पावणेदोन. स्टडची आवळलेली लांबी शंभर मिलिमीटर असलेल्या जोडात फ्लँज स्टेनलेसचे आणि स्टड अलॉयचे असतील तर थंड झाल्यावर फ्लँज स्टडपेक्षा जवळजवळ ०.०८ ते ०.०९ मिलिमीटर जास्त आक्रसतो. क्षुल्लक वाटतं. पण ३४५ मेगापास्कलला ताणलेला तेवढाच स्टड एकूण ताणला जातो तो ०.१७ मिलिमीटर. म्हणजे गॅस्केटचा (फ्लँजमधल्या गळती रोखणाऱ्या चकतीचा) लवचिकपणा बाजूला ठेवला तर निम्मी पकड काही न करता गेली. मग पहाटे फ्लँज पांढरा होतो आणि ‘गॅस्केट खराब होता’ असा शेरा पडतो.

स्टेनलेस घेतला म्हणजे संपलं असंही नाही. बी-८ क्लास १ ची यील्ड फक्त २०५ मेगापास्कल. स्पायरल वाउंड गॅस्केट नीट बसवायला लागणारा ताण देताना तो स्वतःच लांबतो. म्हणूनच अशा कमी ताकदीच्या स्टडला दाबाच्या क्लास ४०० आणि वरच्या फ्लँजवर, किंवा धातूच्या गॅस्केटवर, गणित करून दाखवल्याशिवाय कोडची परवानगी नाही. क्लास २ थंड ताणून कडक केलेला असतो, पण त्याची ताकद मापाप्रमाणे उतरते: पाऊण इंचापर्यंत यील्ड ६९० मेगापास्कल, सव्वा ते दीड इंचात निम्मी. ‘बी-८’ एवढंच लिहिलेल्या पीओवर क्लास १ येणार, हे गृहीत धरा.

कोटिंगचा विषय मी इथे काढत नाही. तो वेगळ्या पत्राचा आहे.

तुमच्याकडून नेमकं काय हवं आहे ते सांगतो. पीओवर ‘ए-३२० एल-७’ लिहून थांबू नका. चाचणीचं तापमान उणे १०१ अंश, तिन्ही तुकड्यांचे स्वतंत्र ज्यूल आणि हीट नंबरबरोबर हीट ट्रीटमेंट लॉट नंबर टीसीवर हवा, असं लिहा. टीसी वाचताना चाचणीच्या तापमानाचा रकाना आधी पाहा. ‘एल-७’ शीर्षकाखाली उणे ४६ला घेतलेली चाचणी छापलेले टीसी फिरत आहेत; ज्यूल भरपूर दिसतात म्हणून कुणी तापमान पाहत नाही. वेगवेगळ्या मापांच्या, वेगवेगळ्या हीटच्या टीसीवर हुबेहूब तेच तीन आकडे दिसले तर थांबा.

महत्त्वाच्या लाइनींसाठी प्रत्येक लॉटमागे काही जादा स्टड विकत घ्या आणि आलेल्या मालातून स्वतः निवडून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तोडून घ्या. शटडाऊनच्या खर्चात ही रक्कम कुठे दिसणारसुद्धा नाही. प्रयोगशाळेला एक प्रश्न जरूर विचारा: उणे १०१ कसं गाठता? कोरडा बर्फ आणि अल्कोहोल यांचं मिश्रण उणे ७८च्या आसपास थांबतं. मिथेनॉल उणे ९८लाच गोठतं. म्हणजे द्रव नायट्रोजन आणि त्या तापमानाला पातळ राहणारा द्रव त्यांच्याकडे असायलाच हवा. तुकडा त्या द्रवात किमान पाच मिनिटं बुडवून ठेवायचा आणि बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांच्या आत हातोडा पडायला हवा. शक्य असेल तर तिथे उभे राहून पाहा. खरेदी विभागातल्या मंडळींनीही एकदा पाहावं असं मला मनापासून वाटतं. चिवट तुकडा तुटताना कडेला दबतो, पसरतो, फाटल्यासारखा दिसतो. ठिसूळ तुकड्याची तोंडं सपाट असतात, साखरेसारखी चमकतात आणि दोन्ही अर्धे जोडले तर पुन्हा बसतात. ते हातात घेतल्यावर टीसीवरचा तो रकाना वेगळा दिसू लागतो.

आणि मंजुरी देणाऱ्या अभियंत्यांना: पुढच्या वेळी ‘केमिस्ट्री तीच’ असं लिहून आलेली फाइल समोर येईल तेव्हा ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ लिहिण्याआधी तिच्यावर धातूचं किमान तापमान लिहायला सांगा. उणे ४८च्या वर (अडीच इंचाहून जाड स्टडला उणे ४०च्या वर) असेल तर बिनधास्त सही करा. खाली असेल तर माल येईपर्यंत तो फ्लँज उघडू नका. जुने एल-७ स्टड चांगले असतील, आटे शाबूत असतील, लांबी वाढलेली नसेल आणि पंच वाचता येत असेल, तर ते तपासून परत लावणं नव्या बी-७ पेक्षा बरं. आधीच लागून गेलेले संशयित स्टड असतील तर त्यांची यादी या शटडाऊनला, इन्शुलेशन निघालेलं असतानाच करून घ्या. थंड सेपरेटरच्या आणि ब्लोडाऊन व्हॉल्व्हच्या पुढच्या फ्लँजपासून सुरुवात करा. या यादीत आणि पंच वाचण्यात माझ्याकडून होईल ती मदत करायला मी तयार आहे.

कळावे,
आपला,
एक तपासणी अभियंता, पनवेल